ओळखीचा अर्धा मार्क

आमच्या सरांना चहा पाजणं फार सोपं होतं. पाजून पस्तावणं त्याहून सोपं. सर कपबशी खाली ठेवायचे, रुमालानं मिशी पुसायचे आणि शांतपणे सांगायचे, "चहा उत्तम. दहापैकी आठ. आता स्पर्धेत तुमच्या मुलीचा अर्धा मार्क कापावा लागेल." घरच्या बाईला वाटायचं, सर थट्टा करताहेत. स्पर्धेच्या दिवशी तिला कळायचं की सरांना थट्टा येत नाही.

शिरूरला तेव्हा जुनी माणसं घोडनदीच म्हणायची. तिथल्या एका शाळेत सर खेळ शिकवायचे आणि शिरूर-दौंड मिळून मल्लखांबाच्या स्पर्धा भरत, त्यांत पंच म्हणून बसायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नक्की साल मला विचारू नका. दुष्काळ सरून बाजारात पुन्हा आपली पांढरी ज्वारी दिसायला लागली होती, एवढं आठवतं. मुलग्यांना लाकडी खांब असायचा आणि आम्हा मुलींना दोरी. वरून सोडलेली सुती दोरी, तिला ना गाठ ना खुंटी. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत ती धरून वर चढायचं आणि हवेत आसनं करायची. पद्मासन, उलटं लटकणं आणि शेवटी निद्रासन, म्हणजे दोरीवर आडवं होऊन झोपल्याचं सोंग. रात्री घरी मात्र खरी झोप यायची नाही, बोटांची सालं निघालेली असायची.

आता धावण्याच्या शर्यतीत जो पुढं तो पुढं. कुस्तीत पाठ लागली की लागली, अख्खा फड बघतो. पण दोरीवरच्या दोन मुलींत सरस कोण, हे ठरायचं पंचाच्या डोळ्यांत. आणि डोळ्यांवर सरांचा काडीचा विश्वास नव्हता, स्वतःच्या तर नाहीच नाही.

"डोळ्यासारखा लाचखाऊ अवयव नाही," ते म्हणायचे. "त्याला पैसे लागत नाहीत. ओळख पुरते."

म्हणून त्यांनी नियम केला होता. स्पर्धक ओळखीचा असेल तर त्याला मनातून जेवढे मार्क द्यावेसे वाटतील, त्यातून अर्धा वजा. ओळखीनं डोळा तेवढा लाडावतोच, असा त्यांचा हिशेब. पण घोडनदीसारख्या गावात ओळखीचं नाही असं कोण होतं? सगळी पोरं त्यांच्याच हाताखालची. त्यामुळं आमच्या अख्ख्या शाळेचा अर्धा मार्क दरवर्षी कापला जायचा आणि दौंडच्या पोरी, सरांनी कधी पाहिल्याच नसल्यामुळं, अख्खे मार्क घेऊन जायच्या. दौंडचे लोक सरांना हार घालायचे. आमचे लोक त्यांना 'अर्धे सर' म्हणायचे, आणि त्यातून सरांची सासुरवाडी पडली दौंडची.

"बायकोला भितात," आमची आत्या ठामपणे सांगायची. "दौंडच्या पोरीला कमी मार्क दिलं, तर घरात भाकरी कोन थापून देनार?"

एकदा चावडीपाशी चार जाणत्या माणसांनी सरांना गाठलं. म्हणाले, तुमच्या नियमानं बघायचं तर सासुरवाडीचेही मार्क कापले पाहिजेत. सरांनी एक दिवसाची मुदत मागून घेतली. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन सांगितलं, "विचार केला. सासुरवाडी म्हणजे सासऱ्यांचं घर, अख्खं गाव नव्हे. त्या घरात दोरीवर चढणारं कोणी नाही. मेहुणा आहे, पण तो खाटेवरून खाली उतरत नाही."

त्यांच्या बाकीच्या सवयी या नियमाच्याच पोटच्या. पंच म्हणून जाताना सायकलच्या कॅरिअरला तीन पायांचं एक लाकडी स्टूल बांधून न्यायचे. संस्थेच्या खुर्चीत बसलं की अंगात संस्था शिरते, असं त्यांचं म्हणणं. सदऱ्याच्या खिशात कडुलिंबाचा पाला असायचा. एका मुलीचं झालं की एक पान चावून थुंकायचं, मग पुढची मुलगी. "आधीचीची चव तोंडात राहिली, तर पुढचीवर अन्याय होतो." आता दिवसभर लिंब चावल्यावर माणसाचा चेहरा जसा व्हायचा तसा व्हायचा, आणि शेवटी येणाऱ्या मुली तो चेहरा बघूनच निम्म्या खाली यायच्या. पालकांनी तक्रार केली. सरांना ती पटली. तेव्हापासून क्रम चिठ्ठ्या टाकून ठरायला लागला. लिंब काही सुटला नाही.

आणि मार्क देण्याची खोड तर हाडात मुरलेली. न्हाव्यानं दाढी केली की आरशात बघून, "सात. डावीकडं घाई." लग्नातल्या मठ्ठ्याला मार्क, कीर्तनकाराच्या आवाजाला मार्क, एसटी कंडक्टरच्या घंटी मारण्याला मार्क. काकूंच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, भाकरीला रोज दोन वेळा. काकू दौंडच्या, अंगानं थोराड, बोलायला मोकळ्या. आम्ही मुली त्यांच्या चुलीपाशी बसून त्यांना बोलतं करायचो.

"लगीन झाल्यापास्नं साडेनऊच्या वर गेलं न्हाईत कवा," काकू भाकरी परतत सांगायच्या. "म्हनलं, आवो, फुगलीय, पातळ हाय, करपली न्हाई, मग अर्दा कशापायी कापला? तर म्हनत्यात, ओळखीचा."

"आणि दुष्काळात?" आम्ही विचारायचो. दुष्काळात रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा, त्याची भाकरी घशाखाली उतरायची नाही.

"तवा दोन मार्क द्यायचं येगळं येगळं. हाताला साडेनऊ, पिठाला दोन."

सर आतून म्हणायचे, "दोन जास्तच झाले."

अशा माणसाच्या हाताखाली मी पडले. मी कशी होते ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. कवठे येमाईच्या बागाईतदाराची एकुलती एक लेक, शिकायला घोडनदीत आत्याकडं राहिलेली. वडील गावच्या सोसायटीचे चेअरमन. जन्मल्यापासून 'नाही' हा शब्द ऐकलेला नाही. अंग हलकं होतं, दोरीवर सरसर जायचे, हे खरं. पण मला वाटायचं की माझी खरी करामत अंगात नसून हसण्यात आहे. कोणीतरी एकदा म्हणालं होतं की मी हसले की गालाला खळी पडते. त्या माणसानं माझं फार नुकसान केलं. वर जाऊन उलटी लटकले, तरी मी हसायची. डोळे रक्तानं तांबारलेले, वेणी जमिनीकडं, आणि त्यात हे हसू. लहान मुलं घाबरायची.

सरांना हसू नको होतं. "आसन पायात असतं, तोंडात नसतं," म्हणायचे आणि स्टूल असं मांडायचे की माझा चेहरा पलीकडं जाईल. मी दोरीला हळूच पीळ द्यायची आणि फिरत फिरत तोंड त्यांच्याकडं आणायची. ते स्टूल उचलून दुसरीकडं जायचे. मी पुन्हा पीळ द्यायची. एका सकाळी आम्ही असे तीन फेरे घातले, खाली सर आणि वर मी. शेवटी मला गरगरलं आणि मी त्यांच्या स्टुलावर ओकले. स्टूल धुऊन, उन्हात ठेवून ते म्हणाले, "चढणं नऊ. हसणं शून्य. ओकणं सहा, नेम चुकला."

मला ते आवडायचे. आणि त्यांनाही मी आवडायची, हेच तर दुखणं होतं.

दोन्ही तालुके मिळून एकच मुलगी पुण्याला, जिल्ह्याच्या स्पर्धेला जायची. मला ती एक व्हायचं होतं. पुण्याचं मला वेड होतं. तेवढ्या एका बाबतीत वडील बधायचे नाहीत. म्हणायचे, दोरीवरनं जा, नाहीतर सासरी गेल्यावर नवऱ्याबरोबर जा, उगीच कोण नेतंय. नवऱ्याची वाट बघण्यापेक्षा दोरी जवळची वाटली.

पहिल्या वर्षी स्पर्धा दौंडला होत्या. न्हावऱ्यावरून खडखडत एसटीनं गेलो. मैदान रेल्वेच्या हद्दीलगत, इंजिनाच्या धुरानं दोरीसुद्धा काळपट झालेली. तीन पंच होते: आमचे सर, दौंडचे एक मास्तर आणि पुण्याहून आलेले एक गृहस्थ. प्रत्येकाच्या हातात पाटी. मुलीचं झालं की खडूनं आकडा लिहून पाटी उंच धरायची. मुलींना नावानं पुकारायचं नाही, नुसता नंबर, हा सरांचा आग्रह. नावाबरोबर आडनाव येतं आणि आडनावाबरोबर अख्खं गाव येतं, असं ते म्हणायचे.

माझ्या आधीचा नंबर दौंडच्या एका मुलीचा होता. सावळी, सडपातळ, शैला नाव, बाप रेल्वेत कामाला. ती दोरीकडं निघाली, तेवढ्यात आमच्याकडच्या, मोठ्या पटक्याच्या एका बागाईतदारांनी पंचांच्या मागून वाकून सरांच्या कानात सांगितलं, "ती बौद्धवाड्यातली हाय, बरं का सर."

सरांनी तोंडातलं पान थुंकलं. उभे राहिले. स्टूल उचललं. "आण्णा, काय म्हणालात ते जरा मोठ्यानं सांगा," ते वर्गात बोलायचे त्या आवाजात म्हणाले. "मला एकट्यालाच का? या दोघा पंचांनाही कळू दे. लाउडस्पीकर देऊ का?"

आण्णांनी पटका सारखा केला. "न्हाई, म्या आपलं सहज..."

"सहज असेल तर मग तिकडं बाभळीखाली बसा. तिथून नीट दिसत नाही. तुम्हाला तेच बरं."

आण्णा गेले. सर स्टूल मांडून बसले आणि मुलीला म्हणाले, "चढ गं."

ती चढली. हसली-बिसली नाही. निद्रासनात आडवी झाली तेव्हा शेजारच्या रुळावरून मालगाडी गेली, दोरी थरथरली. ती मात्र झोपलेल्या बाळासारखी होती. मग मी चढले. मीही चांगलंच केलं. बाकी दोन पंचांचे मार्क आम्हा दोघींना सारखे पडले. सरांनी तिला नऊ दाखवले. मला साडेआठ.

परतीच्या एसटीची वाट बघताना मी नळापाशी रडत होते. शैला पाणी प्यायला आली.

"काय झालं गं?"

"माझा अर्धा कापला. ओळखीचा म्हणून. नाहीतर आपलं सारखं झालं असतं."

तिनं तोंड धुतलं, पदरासारखा ओढणीचा शेव धरून पुसलं. "ओळख हाय म्हनून कापला व्हय?"

"हो ना."

"बरं हाय की. मला न वळखता कापनारे लई हायेत." आणि जाता जाता मागं वळून म्हणाली, "पाय चांगलं हायेत तुझं. तोंड तेवढं मिटत जा."

या दोन वाक्यांतलं मला त्या वयात काय कळलं असेल? दुसरं कळलं. तोंड मिटत जा, याचा मला राग आला. गाडीत बसल्यावर मी सरांना एवढंच विचारलं, "सर, आण्णांनी तिचं सगळं सांगितलं. मग ती ओळखीची झाली की नाही? तिचा अर्धा का नाही कापला?"

सरांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "बुद्धीला," ते म्हणाले, "चार."

त्या चार मार्कांच्या बुद्धीनं मी वर्षभराचा बेत आखला. सरांना मी आवडते म्हणून अर्धा जातो. मग आवडणंच बंद झालं तर? माझी खात्री पटली की जिंकण्याचा न्याय्य मार्ग हाच आहे: सरांना माझा वीट आणायचा.

सुरुवात सायकलीपासून केली. हवा सोडली. सर सायकल हातात धरून घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चालल्यामुळं भूक चांगली लागली." फळ्यावर त्यांचं चित्र काढलं, गाढवाच्या कानांचं. त्यांनी पाठीमागं हात बांधून ते पाहिलं. "नाक बरोबर. कान अजून लांब पाहिजेत. सहा." त्यांच्या खिशातला लिंब काढून मेथीची पानं भरली. ती चावून ते म्हणाले, "आज सगळ्याच पोरी गोड वाटतायत," आणि लगेच खिसा उलटा करून माझ्याकडं पाहिलं. पण रागानं नव्हे. मला तर वाटलं, थोडं कौतुकानंच. मी हताश झाले. हा माणूस माझ्यावर चिडतच नव्हता.

मी काकूंकडं जाऊन विचारलं, "काकू, सरांना राग कशानं येतो?"

काकूंनी विचार केला. "मेहुन्याचा येतो. त्ये लोळत असतंय म्हनून." मग म्हणाल्या, "आन् त्या इस्टुलाला हात लावला की येतो. म्या एकदा त्याच्यावर हांडा ठिवला, तर दोन दिस बोललं न्हाईत."

झालं. मला औषध सापडलं.

दुसऱ्या वर्षी स्पर्धा घोडनदीत होत्या. आदल्या संध्याकाळी सर शाळेत दोरी तपासत होते. मी त्यांच्या ओट्यावरून स्टूल उचललं, आत्याच्या परसात नेलं आणि कडब्याच्या गंजीत खोल खुपसलं. स्पर्धा झाली की परत ठेवायचं ठरवलं होतं. मी काही अगदीच टाकाऊ नव्हते. सरांना ते मिळणार नाही, ते भडकतील, मीच केलं हे त्यांना कळेल, कारण असलं दुसरं कोण करतं, आणि नावड पक्की होईल.

सकाळी सर मैदानावर आले ते मोकळ्या हातांनी. लोकांनी खुर्ची पुढं केली. बसले नाहीत. तीन तास उन्हात उभे राहिले; एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, लिंब चावत. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं भिरभिरलेपण. आपलं घर कुठल्या गल्लीत ते विसरल्यासारखं. शैलाचा नंबर झाला. सरांनी तिला नऊ दिले, बाकीच्यांनीही जवळपास तेवढेच. मग माझा नंबर पुकारला.

मी दोरीला हात लावला आणि मागून आत्याचा आवाज आला. आत्याचा आवाज नदीपलीकडं जायचा.

"ओ मास्तर. ह्ये तुमचं इस्टूल का?"

सगळं मैदान वळलं. आत्या डोक्यावर स्टूल घेऊन गर्दीतून येत होती, त्याच्या पायांना कडबा लोंबत होता.

"म्हशीला कडबा काढाया गेले, तर हे हाताला लागलं. म्हनलं, गंजीला पाय कवा फुटलं? आता ह्ये आमच्यात कसं आलं, ते इचारा तुमच्या लाडक्या चेलीला. ही बघा, हुबी हाय. हासत न्हाई आज, म्हंजी हिनंच केलंय."

लोक खो खो हसले. मी हसले नाही, हे आत्यानं बरोबर ओळखलं होतं. सरांनी स्टूल हातात घेतलं, एकेक पाय बोटांनी चाचपून पाहिला. मग माझ्याकडं पाहिलं. त्यांना तसं चिडलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वर्षभर ज्याच्यासाठी धडपडले ते समोर उभं होतं, आणि मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

त्यांनी स्टूल मांडलं. लिंबाचं एक पान चावलं. थांबले. दुसरं चावलं. "चढ," म्हणाले.

मी आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून चढले. हसायची शुद्धच नव्हती. कुठं बघायचं तेही कळेना, म्हणून पायाकडं बघत राहिले. पद्मासन कसं बसलं, उलटी कधी झाले, काही आठवत नाही. निद्रासनात डोळे मिटले तेव्हा फक्त दोरीची करकर ऐकू येत होती, आणि मग तीही थांबली.

खाली उतरले. दोन पाट्या वर गेल्या, त्या शैलाच्या तोडीच्या. सर खडू धरून बसून राहिले. लोक कुजबुजायला लागले. त्यांनी काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. मग पाटी वर झाली.

साडेनऊ.

घोडनदीकरांनी टोप्या उडवल्या. अर्ध्या सरांनी घरच्या पोरीला साडेनऊ दिले होते. मला कुणीतरी उचललं, कुणीतरी नारळ दिला. गर्दी ओसरल्यावर मी सरांकडं गेले. ते स्टुलाच्या पायातला कडबा काढत होते.

"सर, या वेळी अर्धा कापला नाहीत ना?" मी विचारलं. "नावडती झाले ना मी?"

"कापला की."

"मग साडेनऊ कसे?"

"राग आला होता. पंचाला राग आला की हात आखडतो. म्हणून रागाचा अर्धा वाढवावा लागतो." त्यांनी कडब्याची शेवटची काडी फेकली. "ओळखीचा वजा अर्धा, रागाचा अधिक अर्धा. हिशेब चुकता."

"म्हणजे ओळख अजून आहेच?"

"तू माझं स्टूल पळवलंस," सर म्हणाले. "ओळख वाढली."

शैला तिथंच उभी होती. तिनं हे सगळं ऐकलं. मला म्हणाली, "आज तोंड मिटलं व्हतंस. बरं झालं." आणि सरांना म्हणाली, "सर, पुढल्या साली मी तुमची सायकल पळवू का?" सर तेव्हा हसले. मी त्यांना हसताना मोजक्याच वेळा पाहिलं आहे, त्यांतली ती एक वेळ.

मग पुणं. आता इथं खरं तर मी गप्प बसावं, पण नातवंडांना ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. पुण्याला जायचं म्हणजे शिरूरचा मळका मांजरपाटाचा पोशाख कसा चालेल? मी आत्याच्या मागं लागून काळ्या सॅटिनचा नवा पोशाख शिवून घेतला. चमचम करायचा. सरांना दाखवला नाही. ऐनवेळी थक्क करायचं होतं. थक्क सगळेच झाले. सॅटिनला दोरी धरवत नाही, हे दोरीवर चढल्याशिवाय कळत नाही. मी वर जायची आणि तशीच खाली यायची, विहिरीतल्या पोहऱ्यासारखी. पद्मासन बसलं ते दोरीच्या निम्म्यावर. आणि घाबरले की काय करायचं, हे एकच मला ठाऊक होतं: खळी पडेपर्यंत हसले.

सात मार्क पडले. तिथले पंच मला ओळखत नव्हते, माझ्या वडलांना ओळखत नव्हते, घोडनदीचं नाव त्यांनी ऐकलं असलं तर नशीब. सर तिथं पंच नव्हते, तरी स्टूल सोबत आणलंच होतं; मी त्याच्यापाशी मातीत बसून रडले. सरांनी खिशातून लिंबाचं पान काढून माझ्या हातावर ठेवलं.

"चाव."

चावलं. शी.

"आता ऐक. हे सात अख्खे आहेत. यात ओळखीचा नाही, रागाचा नाही, चहाचा नाही. परक्या माणसांनी दिलेले अख्खे मार्क. सगळे तुझे."

"मला नकोत असले," मी म्हणाले. "मला तुमचे साडेनऊ पाहिजेत."

"ते आहेतच," सर म्हणाले, "पण त्यांवर पुण्यात काही मिळत नाही."

पुढं माझं लग्न झालं, पुणं रोजचंच झालं आणि त्याचं वेड गेलं. सर निवृत्त झाले आणि सर-काकू दोघं दौंडला राहायला गेली. घोडनदीच्या लोकांनी लगेच म्हणून घेतलं, बघा, आम्ही सांगतच होतो, शेवटी दौंडचेच. शैला दौंडच्या शाळेत शिक्षिका झाली होती. पुढं ती स्वतः पंच म्हणून बसायला लागली आणि सरांनी ते स्टूल तिला देऊन टाकलं. मला नाही दिलं. माझा पूर्वेतिहास तसा होता.

सर गेल्याचं मला तिच्याकडूनच कळलं. मी दौंडला गेले. स्टेशनवर शैला घ्यायला आली होती. दोघी मिळून काकूंकडं गेलो. काकू वाळल्या होत्या, पण चुलीपुढं तशाच बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी पीठ मळायला घेतलं. नको म्हटलं तर ऐकेनात.

"शेवटी फार त्रास झाला का, काकू?" मी विचारलं.

"त्रास न्हाई. दोन म्हैने इसरल्यागत व्हायचं, तेवढंच. ही शैला रोज यायची, तिला कवा पोरगी म्हनायचं, कवा मेहुनी. मला तर काय हाकच मारायचं न्हाईत. म्या म्हनायची, थकलं असतील." काकूंनी भाकरी थापायला घेतली. थाप थाप आवाज येत राहिला. "एक दिस सकाळी दूध-भाकरी कुस्करून दिली. सगळी खाल्ली. तोंड पुसलं. आन् म्हनले, दहा."

शैलानं खाली बघितलं.

"पयल्यांदा कानावर इस्वासच बसंना. म्हनलं, काय म्हनलात? तर माझ्याकडं बघून हात जोडलं. म्हनले, बाई, उत्तम झालीया भाकरी. दहापैकी दहा."

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"चाळीस वर्सं त्या अर्ध्या मार्कापायी भांडले म्या. आन् दिला तर असा." भाकरी उलटली. "तवाच वळखलं, ह्ये मला वळखत न्हाईत."

बाहेर स्टेशनात एक गाडी लागत होती. काकूंनी भाकरी विस्तवाला लावली, ती टम्म फुगली, तशी ती माझ्या ताटात टाकून त्या माझ्या तोंडाकडं बघत बसल्या. मी तुकडा मोडला, चावला, गिळला.

"कशी झालीय?"

"साडेनऊ," मी म्हणाले.

काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि दुसरा गोळा हातात घेतला. "अर्दा कशापायी कापला गं?"